मागे माणूस लागता ती

“धोंडो खंय?” आबांनी विचारलं.

कोल्हापुरातलं कॅमेऱ्याचं दुकान. बाहेर ऊन, आत एसी, आणि मधोमध आबा. पायात रबरी चपला, खांद्यावर पंचा.

“कसला धोंडा?” दुकानातला पोरगा म्हणाला. माझ्याच वयाचा, पंचविशीचा. शर्टावर नाव होतं, इंद्रजित.

“ह्या लाटेचो.”

“काका, जिब हाय हे. ह्याच्या फुडं कॅमेरा लावत्यात.”

“नाव कायव ठेव तू. लाटच ती.”

मी मागून आबांचा शर्ट ओढला. “आबा, गप रवा जरा.”

लाज वाटत होती. खोटं कशाला बोलू? पण आबांचं बरोबर होतं. आमच्याकडे कोकणात पूर्वी विहिरीवर लाट असायची. उभा खांब, त्यावर आडवा लांब वासा. वाशाच्या पुढच्या टोकाला पाणी काढायचं भांडं, त्याला कोळंबं म्हणतात. मागच्या टोकाला दगड. रिकामं कोळंबं हाताने खाली ओढायचं, भरलं की दगडाच्या वजनाने आपोआप वर येतं. पंप येईपर्यंत आबांनी सुपारीच्या बागेला असंच पाणी दिलं होतं. आणि जिब म्हणजे तंतोतंत तेच. खांबाच्या जागी ट्रायपॉड, वाशाच्या जागी ॲल्युमिनियमच्या नळ्या, कोळंब्याच्या जागी कॅमेरा. दोन वर्षं मी यूट्यूबवर जिबचे व्हिडिओ बघत होतो. माझ्या डोक्यात हे एकदाही आलं नव्हतं.

मी लग्नं शूट करायचो. कुणी शिकवलं नव्हतं, आपलं आपण. एक कॅमेरा, एक ट्रायपॉड, आणि मी. आणि त्या फेब्रुवारीत लग्न होतं माझ्या सख्ख्या बहिणीचं.

ताई कुडाळला नर्स. तिनं लग्न स्वतः ठरवलं होतं, त्याच हॉस्पिटलच्या लॅबमधल्या नागनाथशी. तो लातूरकडचा. आमच्या भाषेत घाटावरचो. पण आबांना राग त्याचा नव्हता. राग वेगळाच होता. ताई म्हणत होती, सुपारी उतरवून झाली की आबांना सांगते, आत्ता ते कामात आहेत. आईला सांगितलं होतं, मला सांगितलं होतं, काकांना सांगितलं होतं. आणि दिवाळीनंतर एके सकाळी आबा बाबल्याच्या हॉटेलात चहा प्यायला बसले असताना बाबल्या सगळ्यांसमोर म्हणाला, “काय बाबी, जावय घाटावरचो हाडतस म्हणे!”

आबांनी चहा अर्धा ठेवला. उठले. आणि हॉटेलात सात-आठ माणसं होती, त्यांच्यासमोर म्हणाले, “मी बापूस म्हणान त्या मांडवात पाय ठेवचंय नाय.”

झालं. गावात एकदा असा शब्द गेला की गेला. आबांचा तर जास्तच. तेव्हापासून ताईशी बोलणं बंद. ती घरी आली की हे बागेत. तिचा फोन आला की हे विहिरीवर.

ह्या लग्नात जिब लावायचं खूळ मात्र ताईचंच. लग्न आमच्या सातेरीच्या देवळात, आणि देऊळ व्हाळाच्या, ओढ्याच्या, पलीकडे. मधे साकव, म्हणजे माणसं जाण्यापुरता अरुंद पूल. कुडाळच्या कॅमेरा-क्रेनवाल्याने साकव बघितला आणि हात जोडले. त्याची क्रेन यायला टेम्पो लागतो. मी ताईला म्हटलं, जाऊदे, साधंच करू. ती फोनवर म्हणाली, “वरून घेतलंस ना गुरू, की सगळे दिसतात. मागे उभे असलेले पण.”

कोण मागे उभं असणार होतं ते तिनं सांगितलं नाही. मी विचारलं पण नाही.

म्हणून हलकी जिब. घडी करून पिशवीत भरता येणारी, खांद्यावर टाकून साकव ओलांडता येणारी. एवढी लांबडी पिशवी एसटीत एकट्याला जमणार नाही म्हणून आईने आबांना माझ्यासोबत घातलं. “जावा त्येच्यावांगडा. घरात बसान भिंतीक काय सांगतास?”

तर दुकानात.

इंद्रजितने दोन जिब उभ्या केल्या. पहिलीवर माझा जीव आधीपासून होता. आठ फुटी, नऊ किलोची. मागच्या टोकालाच छोटा टीव्ही लागतो, त्यात बघत बघत एकच माणूस सगळं करतो. मी एकटा काम करणारा. मला हीच हवी होती. दुसरी बारा फुटी. तीही हलकीच, पण लांब.

आबा पहिलीच्या मागे गेले. शेपूट जोरात दाबलं. पुढचं टोक भसकन वर गेलं आणि छताच्या पंख्याला लागता लागता राहिलं.

“अवो काका!”

“रिकामी लाट वर जातलीच,” आबा शांतपणे म्हणाले. “भरलेली दाखव.”

इंद्रजितने माझ्याकडे बघितलं. मी जमिनीकडे. पण पोरगा बरा होता. त्याने कपाटातून कॅमेरा काढला, दोन्हींवर आळीपाळीने लावून दाखवला. मागे लोखंडी चकत्या घातल्या. आबांनी शेपटाला एक बोट लावलं. फक्त एक. कॅमेरा वर गेला, तरंगला, खाली आला. आबांच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. तीन महिन्यांत पहिल्यांदा.

“हिका माणसां किती लागतत?” पहिलीकडे बोट.

“एकच. तीच तर मज्जा हाय हिची.”

“आणि तिका?”

“तिला दोन. एकानं म्हागं धरून वर-खाली करायचं, दुसऱ्यानं ह्या दांड्यानं कॅमेऱ्याचं तोंड फिरवायचं. पण तुमच्या पोराला कशाला लागतीय ती? एकट्याचं काम हाय त्याचं.”

“म्हणजे तिका मागे माणूस लागता.”

“लागतोय की.”

“तीच बांध.”

मी म्हटलं, “आबा, मी एकटो आसंय. दुसरो माणूस खंयसून हाडू?”

“गावतलो.” मिळेल, म्हणजे.

“रोज कोण गावतलो? ही बघा, कशी सुटसुटीत...”

“पावसाळ्यात एकट्यान शिडी धरून बघितलंस कधी?” असं काहीतरी बोलले. त्याचा जिबशी काही संबंध नव्हता. मी वाद घालत राहिलो. ते एकच सांगत राहिले, तिची शेपटी लांब आहे, लांब शेपटीला हात हलका पडतो, चित्र हलणार नाही. तेवढं मात्र खरं होतं. पुन्हा पुन्हा दाबून बघितलं, बारा फुटीचं चित्र लोण्यासारखं सरकत होतं. शेवटी मी हरलो.

इंद्रजित चकत्या बांधायला लागला तर आबांनी हात आडवा घातला. “लोखंड कित्या वाहून नेवचा? आमच्या गावात धोंडे नाय काय?”

“घ्या!” इंद्रजित हसला. “आमचा धंदाच बसवला की काकांनी.”

परतीच्या एसटीत आबा ती पिशवी दोन गुडघ्यांत उभी धरून बसले. कंडक्टर थांबला. “ह्या काय? तोफ?”

“लाट.”

“लाट? पिशयेत?”

“घडयेची आसा.”

कंडक्टरने माझ्याकडे बघून डोक्याजवळ बोट फिरवलं. आबा खिडकीबाहेर बघत होते. गगनबावडा उतरून खाली झाडी लागली तसे म्हणाले, “साकवावरसून जातली आरामात.” बस, तेवढंच.

पुढचे पंधरा दिवस आमच्या खळ्यात जिब उभी. खळं म्हणजे घरापुढचं अंगण. आबा सकाळी बाग शिंपून आले की आमचा सराव. आधी ते दगड शोधायला व्हाळात गेले. तीन दगड उचलून, हातात झेलून परत टाकले. चौथा आणला. वरवंट्याएवढा, काळा, गुळगुळीत. छिन्नीने त्याच्या कमरेला खाच पाडली, काथ्याची दोरी आवळली आणि शेपटाला टांगला. मग दोरी दोन बोटं मागे, एक बोट पुढे. मी लेन्स बदलली की परत एक बोट मागे.

“बघ,” म्हणाले, “लाट भरल्या कोळंब्याक तोलूची. रिकाम्याक तोललंस तर भरल्यार दगा देतली.”

“कॅमेरो नेहमी भरलेलोच असता, आबा.”

“मग बराच.” मग त्यांनी हात काढून घेतला. कॅमेरा हवेत, सहा फुटांवर, होता तिथेच. “तोल बरोबर झालो काय हात सोडलंस तरी जाग्यार रवता. बघ. खंयव जावचो नाय.”

एक चतुर आला आणि लेन्सवर बसला. तरी हलला नाही.

आई पायरीवर तांदूळ निवडत बसली होती. ती माझ्याशी बोलल्यासारखं करून म्हणाली, “लानपणी प्रतीक्षा लाटेच्या शेपटार जाऊन बसायची, धोंड्याच्या वांगडा. वर-खाली, वर-खाली. मी आरडायचंय. आणि हे काय म्हणायचे? पाणी काढूक लागले काय पयली हाक, ‘धोंडो इलो काय?’ ती खंयसूनव धावत यायची. ‘इलो, आबा, इलो!’”

प्रतीक्षा म्हणजे ताई.

आबांनी दोरीची गाठ सोडली आणि परत बांधली. चांगली होती ती गाठ.

आणि आता माझा गाढवपणा. लग्नाला चार दिवस उरले. सराव उत्तम चाललेला, मी खुशीत. आबांना म्हटलं, “लग्नात मागे विकीक धरतंय. जिममधल्या चकत्या पण हाडता म्हणालो. धोंडो बिंडो मांडवात बरो दिसाचो नाय.”

विकी माझा मित्र. दांडगा गडी.

मला वाटलं होतं मी आबांचं ओझं कमी करतोय. ते लग्नाला येणार नाहीत हे मी धरूनच चाललो होतो. शब्दच तसा दिला होता ना त्यांनी.

आबांनी दगड सोडला. हळूच खाली ठेवला. “बरा,” म्हणाले. आणि बागेला पाणी लावायला गेले. बाग सकाळीच शिंपून झाली होती.

त्या दिवशी ताईचा फोन आला. “आबा काय करतायत?”

“काय नाय. पंधरा दिवस लाट करत होते.”

“लाट?” ती हसली. मग हसू मधेच तुटलं. “बरं, ठेवते.”

लग्नाच्या दिवशी सकाळी सात वाजता उठून बघतो तर खळ्यातली पिशवी गायब. दगड गायब. आबा पण गायब. मी आणि विकी धावत व्हाळाकडे. विकीच्या दोन्ही हातांत लोखंडी चकत्या.

साकवाच्या अलीकडे आबा उभे होते. अंगात बागेतला खाकी शर्ट, अर्धी चड्डी, डोक्याला पंचा. एका खांद्यावर जिबची पिशवी, दुसऱ्या काखेत दगड. आमची वाट बघत होते असंही नाही, नाही असंही नाही.

“विक्या, तू पंगतीक वाढूक जा. हातात बळ आसा तुझ्या.”

मागून आई आली, नव्या लुगड्यात. थबकली. “अहो... तुमी... मांडवात?”

“बापूस म्हणान पाय ठेवचंय नाय म्हटलंय मी.” आबांनी साकवावर पाय टाकला. “लाटवालो म्हणान ठेवतंय.”

आणि गेले.

तेव्हा माझी ट्यूब पेटली. साकवाच्या मधोमध, विकीने जाताना दिलेल्या चकत्या हातात असताना मला कोल्हापूरचं दुकान आठवलं. हिका माणसां किती लागतत. तीच बांध. गावतलो.

मांडवात जिब उभी केली. बायका बघायला लागल्या, कुजबुजल्या. बाबल्या हॉटेलवाला म्हणाला, “काय बाबी, लग्नाक इलंस मरे!”

“कामाक इलंय,” आबा म्हणाले, आणि दोरी एक बोट मागे घेतली.

मी कॅमेऱ्याचं तोंड फिरवायचो आणि सांगायचो, “वर. हळू. थांबा. खाली.” उभ्या आयुष्यात मी आबांना कधी हुकूम दिला नव्हता. ते निमूट ऐकत होते. ताई मामाच्या हाताला धरून आली. पिवळी साडी, डोकं खाली. मान वर केली आणि तिला कॅमेऱ्यामागची बारा फुटी लाट दिसली. मग दगड. मग दगडामागचा खाकी शर्ट. तिचा पाय अडखळला, मामाने सावरलं. आबा दगडाकडे बघत होते. दगडात बघण्यासारखं काय होतं?

कन्यादानाला काका-काकी बसले. मी म्हटलं, “खाली घ्या, हातावर.” कॅमेरा वर गेला. “आबा, खाली.” आणखी वर गेला. मागे वळून बघितलं. ते शेपटावर अंग टाकून उभे होते, पंचाने तोंड पुसत. मी परत काही सांगितलं नाही. त्या शॉटमध्ये कन्यादान नाही. नुसते मांडवाचे आंब्याचे टाळे आहेत.

जेवणं झाली. निघायची वेळ. हा शॉट मी महिनाभर मनात रंगवला होता. कॅमेरा खाली, नवरा-नवरी कॅमेऱ्यासमोरून साकवावर जाणार, तसतसा कॅमेरा वर, वर, अख्खा व्हाळ दिसेपर्यंत. तोंड साकवाकडे बांधलं. नागनाथला सांगितलं, “भावोजी, तुम्ही पुढे जाऊन साकवाच्या मधे उभे राहा. ताई येईल. तोपर्यंत हलू नका.” तो गेला, उभा राहिला. मुंडावळ्या वाऱ्याने तोंडावर येत होत्या.

“आबा, कॅमेरो छातीएवढो. हां. ताई, ये.”

ताई सगळ्यांच्या पाया पडून आली. आई, काका, मामा. कॅमेऱ्यासमोर यायचं सोडून ती डावीकडे वळली. जिबला वळसा घालून मागे आली. आबांच्या मागे उभी राहिली, अगदी शेपटाजवळ, दगडापाशी.

“आबा,” म्हणाली, “धोंडो इलो.”

आबा वळले नाहीत. दोन्ही हात शेपटावर घट्ट.

“हात सोडूक गावाचो नाय,” ते म्हणाले. “कॅमेरो पडतलो. म्हागाचो आसा.”

बँडवाल्याने सनई खाली घेतली. आबा माझ्याकडे बघत होते, माझ्या तोंडून हो यावं म्हणून. मी हो म्हटलं असतं तर ते तसेच उभे राहिले असते, आणि ताई साकवावरून निघून गेली असती, आणि शब्द राहिला असता.

“सोडा, आबा,” मी म्हटलं. “तोल बरोबर आसा. खंयव जावचो नाय.”

त्यांनी दगडाकडे बघितलं. दोरीकडे. स्वतःच्याच गाठीकडे. मग एक हात सोडला. मग दुसरा.

कॅमेरा हलला नाही.

मी त्यांच्याकडे पाठ केली आणि जिबच्या छोट्या टीव्हीत बघत राहिलो. मागचं फक्त ऐकू येत होतं. आधी बराच वेळ नुसता हुंदका, कुणाचा ते कळलं नाही. मग आबा.

“माका पयला सांगूक होया होता.”

“होय.”

“बाबल्याक ठावक. माका नाय.”

“चुकला, आबा.”

“सुपारेची कारणां सांगता! सुपारी काय, दर वर्सा उतारता.”

मग ताई रडता रडता हसली. ते मी ओळखलं.

ती फिल्म मी कापली नाही. बारा दिवसांनी ताई आणि नागनाथ माहेरी आले तेव्हा घरच्या टीव्हीवर लावली. काकी म्हणाल्या, “अरे गुरू, ह्या काय? चार मिन्टां नुसतो नवरो?”

खरंच होतं. चार मिनिटं काही घडत नाही. साकव. खाली गुडघाभर पाणी. मधे एकटा नागनाथ, मुंडावळ्या सावरत. एकदा हळूच पाय बदलतो. एकदा माशी हाकलतो. चित्र खिळ्याने ठोकल्यासारखं स्थिर. नंतर ताई येते, आणि कॅमेरा सरसर वर जातो, जरा थरथरत. लाटवाल्याने परत हात लावला होता.

आबा पहिल्यांदाच जावयाच्या समोर बसले होते. तोवर दोघं एकमेकांशी एक शब्द बोलले नव्हते. आबांनी टीव्हीकडे बघतच विचारलं, “चार मिन्टां उबो रवलंस. हाक नाय मारलंस ती?”

नागनाथ सरळ बसला. घाबरला होता बिचारा. “मला वाटलं शूटिंग चालूय. गुरूनं सांगितलेलं, हलायचं न्हाई. हललं की खराब हुतंय.”

आबांचे खांदे हलायला लागले. मग ते इतके हसले, इतके हसले, की आईने पाण्याचा तांब्या आणला.

आता ड्रोन आलेत. माझ्याकडे पण आहे. जिब माळ्यावर पडून असते, दगड खळ्यात. पण ड्रोन आला तो बऱ्याच नंतर. त्याआधीची दोन-तीन वर्षं मी सिंधुदुर्गातली पुष्कळ लग्नं त्या बारा फुटीवर केली, आणि मागे माणूस कोण असायचा ते त्याच संध्याकाळी ठरलं. आबांनी पाणी प्यायलं, तोंड पुसलं आणि मला म्हणाले,

“गुरू, म्होरल्या लग्नाक ह्येका मागे धर. ह्यो हलना नाय.”